आधी तोंड धुऊन या

मी एक जुनी ईसीजीची मशीन आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते, माझा तुमच्यावर पुरता विश्वास बसलेला नाही. कालच तुमच्यापैकी एकाने माझा रबरी फुगा काढून शेजाऱ्याच्या नाकाला चिकटवला होता. तुमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या खोलीच्या या काचेच्या कपाटातून मला सगळे दिसते. तो फुगा अजून परत आलेला नाही, हेही माझ्या ध्यानात आहे.

एरवी मी गप्पच असते. पण परवा या खोलीत एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून मला चैन नाही. ती गोष्ट शेवटी सांगेन. आधी मी कोण आणि इतकी संशयी का, हे तुम्हाला कळायला हवे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे जाड चष्म्याच्या एक बाई प्रत्येक नव्या मशीनची परीक्षा घेत. त्यांनी माझ्या तारा एका लहानशा डबीला जोडल्या आणि बटण दाबले. डबी ठोके देऊ लागली आणि माझी सुई कागदावर डोंगर आणि दऱ्या काढू लागली. मला वाटले, हेच हृदय! मी जीव ओतून रेघ काढली. मग बाईंनी बटण बंद केले, डबी खणात टाकली आणि त्या जेवायला गेल्या. माझ्या आयुष्यातले पहिले हृदय असे खोटे निघाले. तेव्हापासून कोणताही ठोका आला की मी आधी त्याच्याकडे तिरक्या नजरेने पाहते.

तिथून मी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात आले. हिरव्या पडद्याआड एक उंच खाट, भिंतीवर पंखा, कोपऱ्यात बेसिन आणि खाटेशेजारी चाकांच्या टेबलावर मी. मनगटांना आणि घोट्यांना चिमटे लावायचे, छातीवर रबरी फुगे बसवायचे, की माझी गरम सुई चौकटीच्या कागदावर पट्टी काढायची. हृदय कसे चालले आहे हे त्या पट्टीवर दिसायचे. पंखा बिचारा साधा होता. बेसिन मात्र मला पहिल्या दिवसापासून खटकले. प्रत्येक पेशंट माझ्याकडे येण्याआधी त्याच्याकडे जाऊन यायचा.

त्यालाही कारण होते. तिथल्या सिस्टरना पट्टी स्वच्छ लागायची. घाबरलेल्या माणसाला घाम फुटतो, मग फुगे घसरतात. हात थरथरला की सुईही थरथरते. एकदा अशी पट्टी पाहून डॉक्टर म्हणाले होते, "सिस्टर, ही काय मुंग्यांची रांग काढलीय?" ते त्यांच्या मनाला फार लागले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नियम केला. कोणी धापा टाकत आला की त्या म्हणायच्या, "आधी तोंड धुऊन या. गार पाणी आहे. मग जरा पडा, मग काढू."

नियम सगळ्यांना आवडला. तोंडावर गार पाणी मारले की पेशंटला बरे वाटायचे, आणि पट्ट्या आरशासारख्या लख्ख निघू लागल्या. मोठ्या इस्पितळातले डॉक्टरसुद्धा विचारायचे, "ही कुठल्या मशीनची पट्टी?" मला कौतुक आवडत नव्हते असे नाही. पण कौतुक जास्त झाले की माझ्या मनात पाल चुकचुकते.

मित्रांनो, माणसाकडे वरून पाहून त्याच्या छातीतले कळत नाही, हे मी त्या खाटेशेजारी शिकले. एकदा एक जाडजूड दुकानदार आला. येताना त्याने सिस्टरना विनोद सांगितला, डॉक्टरांना टाळी दिली आणि "छाती जरा आवळलीय, गॅस झालाय हो, दुसरं काय!" म्हणत खाटेवर पडला. माझी पट्टी पाहताच डॉक्टरांचे हसू मावळले आणि त्याला तसाच गाडीत घालून मोठ्या इस्पितळात न्यावे लागले. त्याच आठवड्यात परीक्षेला बसणारा एक तरुण आला. त्याला घाम सुटला होता, छाती आवळली होती, हात कापत होते. "डॉक्टर, माझं काही खरं नाही," असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याचे हृदय अगदी ठणठणीत निघाले. भीतीने त्याला धरले होते. छाती आवळल्याचे दोघांनीही सांगितले होते, आणि हसणाऱ्याचे दुखणे जिवावरचे निघाले. हृदय बिघडले की मन घाबरते आणि मन घाबरले की हृदय धावते. म्हणून नुसत्या चेहऱ्यावर कधी भरवसा ठेवू नये.

मग त्या आल्या.

त्या पोहायला शिकवायच्या. केस आखूड आणि नेहमी ओलसर, खांदे भक्कम, गळ्यात शिट्टी. त्या आल्या की तलावाच्या पाण्यात टाकायच्या औषधाचा वास पडद्याआड यायचा. पहिल्या वेळी नवरा सोबत होता. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचे काम करायचा, आणि बायकोकडेही तसाच डोळे बारीक करून काळजीने पाहत होता.

"एकदम सुरू होतं," त्या गळ्याशी हात धरून म्हणाल्या. "कोणीतरी बटण दाबल्यासारखं. काही कारण नसतं."

"आधी तोंड धुऊन या," सिस्टर म्हणाल्या.

बाई बेसिनकडे गेल्या. जाताना त्यांच्या मानेची शीर थाडथाड उडताना मला दिसत होती. त्यांनी ओंजळी भरभरून तोंडावर पाणी मारले आणि क्षणभर तशाच वाकून उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा शीर शांत होती आणि चेहरा ओशाळलेला.

"आता थांबलं," त्या म्हणाल्या.

पट्टी स्वच्छ निघाली. डॉक्टरांनी ती उजेडात धरून पाहिली. "हृदय एकदम छान आहे. टेन्शन घेताय तुम्ही."

त्या पुन्हा आल्या, आणि पुन्हा. दर वेळी तेच. बेसिनकडे जाताना एक बाई जायची आणि येताना दुसरीच यायची. माझा संशय बेसिनवर पक्का होत गेला. पण मला फक्त रेघ काढता येते, बोट दाखवता येत नाही. मी कधी खोटी रेघ काढली नाही, मित्रांनो. मला विचारायचेच ते सगळे आटोपल्यावर. माझ्या खऱ्या पट्ट्या एकावर एक ठेवून त्या बाईंना खोटे ठरवले गेले, आणि ते पाहून माझा जीव तुटायचा.

पुढे डॉक्टरांनी सांगितले, "हे पॅनिकचं आहे. अचानक भीतीचा झटका येतो. मनाचा त्रास, हृदयाचा नाही." दवाखान्यात त्यांना पाठीमागे 'धडधडबाई' म्हणू लागले. घरातही वारे फिरले. त्यांच्या सासूबाई रक्तदाब दाखवायला यायच्या. खाटेवर बसल्या बसल्या त्या सिस्टरना सांगायच्या, "पाहुणे यायचे म्हटले की हिला धडधडतं. तलावावर बरी दिवसभर राहते!"

गंमत म्हणजे, डॉक्टर पुरते चुकलेही नव्हते. सतत धडधड व्हायची, आणि कोणी खरे मानत नव्हते. त्यातून बाईंच्या मनात खरोखरच भीती घर करून बसली. दुकानात रांगेत उभे राहिले की श्वास अपुरा वाटायचा, बोटांना मुंग्या यायच्या, आजूबाजूचे आवाज लांबून आल्यासारखे वाटायचे. हा झटका बटण दाबल्यासारखा यायचा नाही. तो हळूहळू चढायचा, दूध उतू जाते तसा. म्हणजे आता एकाच छातीत दोन दुखणी नांदत होती, आणि त्या दोन्हींचे चेहरे इतके सारखे की बाईंना स्वतःलाही ओळखू येईनात.

मग तलावावर ते घडले. पाण्यावर तरंगायच्या फळ्या उचलायला त्या वाकल्या आणि धडधड सुरू झाली. त्याच वेळी पलीकडे एका मुलीचा हात कठड्यावरून सुटला. बाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तरी त्यांनी पाण्यात उडी घेतली. डोके पाण्याखाली गेले आणि धडधड जशी आली तशी चट्‌कन थांबली. मुलगी सुखरूप बाहेर आली. तिला तर आपण बुडत होतो हेही नीट कळले नाही. बाई मात्र काठावरच बसून राहिल्या.

हे त्यांनी सिस्टरना सांगितले तेव्हा मी ऐकत होते. "मी काम सोडतेय," त्या म्हणाल्या. "कोणाचं तरी लेकरू माझ्या हातून जाईल."

"अहो, पण डॉक्टर म्हणतात ना, काही नाहीये म्हणून!"

"तेच तर. आता मलाच कळेनासं झालंय, मी खरं सांगतेय की नाटक करतेय."

मित्रांनो, आयुष्यभर मी साऱ्या जगावर संशय घेतला. पण एखाद्या माणसाने स्वतःच्याच छातीवर संशय घ्यावा, यासारखे दुःख मी दुसरे पाहिले नाही. कुठल्याही औषधापेक्षा त्या बाईंना एका साक्षीदाराची गरज होती.

त्यानंतर त्या आल्या त्या स्वतःसाठी नव्हेच, सासूबाईंना घेऊन. त्या दिवशी बेसिन तुंबले होते. नळदुरुस्तीवाला त्याच्याखाली पाय पसरून आडवा पडला होता आणि पाइपाशी झटापट करत होता. मी मनातून खूश होते, हे कशाला लपवू?

सासूबाई खाटेवर बसल्या. त्यांच्या सँडलचा पट्टा सोडायला बाई खाली वाकल्या, आणि तशाच थांबल्या. मग हळूच ताठ झाल्या. हात गळ्याशी गेला. मानेची शीर थाडथाड उडत होती.

"झालं सुरू!" सासूबाई म्हणाल्या. "अगं, दाखवायला मी आलेय ना?"

"आधी तोंड धुऊन..." सिस्टरनी सवयीने सुरुवात केली.

"नळ बंद आहे, ताई," बेसिनखालून आवाज आला. "थेंबभर पाणी नाही."

सिस्टरनी तांब्या उलटा करून पाहिला. तोही कोरडा होता. त्यांनी सुस्कारा सोडला. "आजी, जरा खुर्चीवर बसा. या हो तुम्ही, पडा अशाच. पट्टी कशीही येऊ दे."

फुगे घामाने घसरत होते. सिस्टरनी ते दाबून बसवले आणि बटण फिरवले. माझी सुई उधळली! इतके जवळजवळ, इतके बारीक ठोके मी त्या बाईंचे कधी पाहिले नव्हते. एकामागून एक, जराही उसंत न घेता. सिस्टरनी कागदाकडे पाहिले आणि माझ्या डोक्यावर एक थापड मारली.

"ही मेली बिघडली वाटतं!"

बघा! खरे बोलायला उभी राहिले तर पहिली थापड मलाच. पण मी थांबले नाही. सिस्टरनी चिमटे पुन्हा घट्ट केले, पुन्हा पाहिले, आणि मग त्यांचा आवाज बदलला. "डॉक्टर! लवकर या!"

डॉक्टरांनी कागद पाहिला, मग बाईंची मान पाहिली. त्यांचा चेहरा गंभीर झाला. "नाक धरा," ते म्हणाले, "तोंड मिटा, आणि कान बंद झाल्यावर करतो तसा जोर लावा. अजून. अजून थोडा. सोडा आता."

बाईंनी श्वास सोडला. सुईने एक गचका खाल्ला, क्षणभर कोरी रेघ काढली, आणि मग सावकाश, शहाण्यासारखी चालू लागली. ते उधळणे आणि ते थांबणे, दोन्ही एकाच पट्टीवर उतरले होते.

डॉक्टरांची नजर हळूहळू कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेली.

"सिस्टर, आपण काय करत होतो ते कळलं का?" ते म्हणाले. "हृदयात कधीकधी विजेची एक जास्तीची वाट असते. ठोका तिच्यात शिरला की गोल गोल पळत सुटतो. आणि तोंडावर गार पाणी पडलं की तो थांबू शकतो. म्हणजे घरात चोर शिरला की आपण आधी मागचं दार उघडून द्यायचो, आणि मग यांनाच विचारायचो, कुठाय चोर?"

"माझा नियम..." सिस्टर पुटपुटल्या.

"नियम तुमचा, पण पट्टी वाचणारा मी होतो. घाबरलेला माणूससुद्धा गार पाण्याने शांत होतो, म्हणून मला शंका आली नाही. यायला हवी होती."

"म्हणजे ही खरं सांगत होती?" सासूबाईंनी विचारले.

कोणी उत्तर देण्याआधीच बाई रडू लागल्या. हृदयात दोष निघाला म्हणून कोणी इतके मोकळे होऊन रडलेले मी पाहिले नव्हते. सासूबाई एका पायात सँडल तशीच ठेवून उठल्या आणि त्यांनी सुनेचे डोके पोटाशी धरले.

पुढे मोठ्या इस्पितळात बाईंच्या मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेऊन ती जास्तीची वाट जाळून बंद केली. सगळ्यांना वाटले, आता गोड शेवट झाला. मला तेव्हाच शंका आली होती.

थोड्याच दिवसांत बाई पुन्हा दारात उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक, भराभर श्वास घेऊन बोटे वाकडी झालेली. आता सासूबाईंनी दुसरे टोक गाठले होते. "मनाबिनाचं काही सांगू नका, डॉक्टर! हृदयच आहे. नीट बघा!"

तोंड धुवायला कोणी पाठवले नाही. मी पट्टी काढली. ठोके भराभर येत होते, पण प्रत्येक जण आपापली जागा धरून, शाळा सुटल्यावर ओळीने धावणाऱ्या मुलांसारखे. डॉक्टरांनी रक्त तपासले, पुन्हा पट्टी काढली, आणि मगच ते स्टूल ओढून बसले.

"मशीन जुनी झालीय तुमची," बाई म्हणाल्या. म्हणजे आता त्यांनीही माझ्यावर संशय घेतला.

"मशीन बरोबर आहे. तुम्हाला दोन त्रास होते. एक गेला, दुसरा राहिलाय. हा भीतीचा झटका आहे."

बाईंचा चेहरा पडला. "म्हणजे परत मनाचं."

"मनाचं म्हणजे खोटं, असं कोणी सांगितलं?"

"तुम्हीच."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "हो. माझं चुकलं ते. इतकी वर्षं तुमचं हृदय उधळत होतं, आणि मन जागून पहारा देत होतं. आता चोर गेला, पण पहारेकरी मांजर आलं तरी ओरडतोय. त्याला शांत करायलाही औषधपाणी असतं, शिकवणारी माणसं असतात. आणि हृदय की भीती, ते घरी बसून तुम्ही ठरवायचं नाही. काही वेगळं वाटलं, छाती दुखली, चक्कर आली, की सरळ यायचं. कोणी हसणार नाही."

मग मनाच्या डॉक्टर असलेल्या एका बाईंकडे त्यांचे उपचार सुरू झाले. त्या डॉक्टरबाईंनी एक अजब धडा दिला. हृदय मुद्दाम धावू द्यायचे आणि त्याच्याकडे पळून न जाता पाहायचे. दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवले आणि बाई आमच्या दवाखान्याचा जिना चढू-उतरू लागल्या. धापा टाकत त्या खाटेवर यायच्या, सिस्टर फुगे बसवायच्या आणि त्या मान वळवून माझ्या सुईकडे पाहायच्या. पहिल्यांदा त्यांनी डोळे मिटून घेतले होते. नंतर एका डोळ्याने पाहिले. आणि पुन्हा तलावावर शिकवायला जायच्या आदल्या दिवशी त्या हसून म्हणाल्या, "धावतंय. पण नीट धावतंय." माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान मला त्या दिवशी मिळाला.

पुढे छोट्या पडद्यावर रेघ दाखवणारी नवी मशीन आली. गुळगुळीत, मिठ्ठास, कागद कमी खाणारी. अशा गोडबोल्यांवर माझा विश्वास नाही, पण मला विचारतो कोण? मला खाटेखाली सरकवले. माझ्यावर जुने टॉवेल ठेवले गेले. माझी सुई गंजली, फुग्यांचे रबर तडकले. दिवसचे दिवस मला कोणी पुसले नाही, आणि त्याचे मला फार वाईट वाटले. डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी दवाखाना आवरला आणि मला तुमच्या शाळेला दिले.

आता परवाची गोष्ट. खिडकीजवळच्या बाकावरची ती अबोल मुलगी, जिच्या दोन्ही वेण्या नेहमी सैल असतात. खाली पडलेली मोजपट्टी उचलायला ती वाकली, आणि वर आली तेव्हा तिचा हात गळ्याशी होता. "मला कसंतरी होतंय," ती म्हणाली. तुमच्यापैकी दोघे हसले. एकजण म्हणाला, "आज चाचणी आहे ना, म्हणून नाटक!" आणि दुसरी एक मुलगी, चांगल्या मनानेच, म्हणाली, "जा, तोंड धुऊन ये."

मी कपाटात होते. तार नाही, सुई गंजलेली, आवाज नाही. ती नळाकडे गेली. परत आली तेव्हा चेहरा ओला होता आणि मान खाली. "आता बरं आहे," ती म्हणाली आणि तुम्ही पुढचे गणित सोडवायला घेतले. तिला पुढे कोणी काही विचारले नाही.

कदाचित काहीच नसेल. कदाचित चाचणीची भीती असेल, आणि तीही खरीच असते. कदाचित आणखी काही असेल, किंवा दोन्ही असेल. मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. तिला स्वतःलाही नसेल. पण मान खाली घालून तसे परत येणे मी ओळखते.

म्हणून मित्रांनो, एवढे माझे ऐका. संशय जरूर घ्या, पण तो सोप्या उत्तरावर घ्या, सांगणाऱ्यावर नको. उद्या ती मुलगी आली की तिच्याजवळ बसा आणि विचारा, "त्या दिवशी काय होत होतं गं?" ती सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका. मग तिला घेऊन तलावावर जा. तुम्हाला पोहायला शिकवणाऱ्या बाई तिथे असतील, गळ्यात शिट्टी, केस ओलसर, फळ्या उचलायला वाकलेल्या. त्यांना सगळे सांगा. त्या तिला तोंड धुवायला पाठवणार नाहीत.